रीत लिहून ठेवा, वाटून टाका

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





बक्षिसे वाटण्याच्या दिवशी पाहुण्याने थोडक्यात बोलावे असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. कारण मुलांचे लक्ष पाहुण्याकडे नसून टेबलावरच्या बक्षिसांकडे असते. तरीही मी आपला थोडा जास्त वेळ घेणार आहे. विषय नवा आहे आणि त्याचे नाव थोडे अवघड आहे. डिझाइनच्या रीतींचा खुला संग्रह, आणि त्यात आपण घालायची भर, असा तो विषय. नाव ऐकूनच मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झालेली मला दिसते. म्हणून नाव बाजूला ठेवतो आणि एका स्वयंपाकघरातल्या भिंतीपासून सुरुवात करतो.

माझे वडील सुतार होते. स्वयंपाकघरात फळी बसवायची असली की ते टेप काढायच्या आधी घरातल्या बाईला बोलावीत. मोहल्ल्यात असले तर "भाभी", हिंदू घरी असले तर "वहिनी" अशी हाक मारीत, आणि म्हणत, "रोज जो डबा लागतो तो भरलेला घ्या, आणि सहज जाईल तेवढाच वर न्या." डबा जिथे थांबे तिथे ते खडूने रेघ मारीत. फळी त्या रेघेवर बसे. डबा भरलेलाच का, असे मी लहानपणी विचारले होते. अब्बा म्हणाले, "रिकामा हात खोटं बोलतो." रिकामा हात वीतभर जास्त वर जातो, पिठाने भरलेला डबा घेतलेला हात खरे काय ते सांगतो.

अब्बांकडे अशा आणखी रीती होत्या. कोकणच्या पावसात दरवाजे फुगतात, चौकटीत अडकतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अब्बांचा दरवाजा अडकत नसे. लाकूड कोणत्या महिन्यात घ्यायचे, किती दिवस उभे करून ठेवायचे, कोणत्या बाजूला किती फट सोडायची, याचा त्यांचा काही हिशेब होता. तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. पोटाची गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, असे ते म्हणत. मी शिकायला शहरात गेलो. एके वर्षी रमजानच्या आधी ते गेले आणि तो हिशेब त्यांच्याबरोबर गेला. आज आमच्या जुन्या घरी त्यांनी केलेला दरवाजा पावसाळ्यात एका बोटाने उघडतो आणि मी नंतर करवून घेतलेला दरवाजा खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. दोन्ही एकाच ओटीवर आहेत. दर पावसाळ्यात ते दोन दरवाजे मला एकच धडा शिकवतात.

मित्रहो, आता विषयाकडे वळू. डिझाइन म्हटले की आपल्याला साडीच्या काठावरची नक्षी आठवते. परंतु डिझाइन म्हणजे कोणतीही वस्तू, इमारत, अर्जाचा नमुना, नाहीतर संगणकावरचे काम, वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे आधी विचार करून आखणे. फळी ही वस्तू झाली. भरलेला डबा उचलायला लावून रेघ मारणे ही रीत झाली. वस्तू एका घरात राहते. रीत हजार घरांत जाऊ शकते. मात्र त्यासाठी ती कोणीतरी लिहिली पाहिजे आणि लिहिलेली चारचौघांच्या हाती दिली पाहिजे.

या रीतींचा पद्धतशीर विचार जगात फार जुना नाही. १९६२ साली लंडनमध्ये डिझाइनच्या रीती या विषयावर एक परिषद भरली. तिच्या पुढाकाऱ्यांपैकी जॉन ख्रिस्तोफर जोन्स यांनी १९७० साली अशा रीतींचे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाचा तरुण वास्तुशास्त्रज्ञ, जो मुळात गणिताचा विद्यार्थी होता, आपल्या शेजारच्या गुजरातमधील बावरा नावाच्या खेड्यात येऊन राहिला. गावाला नेमके काय काय लागते, याची त्याने यादी केली. गुरांचे पाणी, विहिरीवरची ये-जा, सणवार, जातीपातींचे व्यवहार, शेताची वाट, अशा १४१ गरजा त्याने मांडल्या आणि कोणती गरज कोणत्या गरजेत गुंतली आहे हे गणिताने शोधले. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाच्या शेवटी हे खेडे आहे. जगभरच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ज्या पुस्तकावरून धडे घेतले, त्यातले ते उदाहरण गुजरातच्या एका खेड्याचे आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

पुढे १९७७ साली अलेक्झांडर, सारा इशिकावा, मरे सिल्व्हरस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा ग्रंथ काढला. त्यात शहरापासून खिडकीपर्यंत २५३ नमुने आहेत. प्रत्येक नमुन्याला नाव आहे, अडचण काय आहे ते आहे, त्यावरची चर्चा आहे आणि उपाय आहे. एकच सांगतो. सज्जा सहा फुटांपेक्षा कमी खोल असेल तर त्याचा फारसा वापर होत नाही, असे त्यांचे म्हणणे. कारण साधे आहे. अरुंद सज्ज्यात माणसांना एका रांगेत, रस्त्याकडे तोंड करून बसावे लागते. छोट्या टेबलाभोवती समोरासमोर बसून गप्पा मारता येत नाहीत. आता आपल्या नव्या इमारतींचे सज्जे आठवा. तेथे माणसे बसतात की वाळत घातलेले कपडे आणि जुनी सायकल, हे आपणच सांगा.

त्या ग्रंथातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक नमुन्याच्या नावापुढे तारे दिलेले आहेत. दोन तारे म्हणजे लेखकांना या नमुन्याची खात्री आहे. एक तारा म्हणजे वाट बरोबर असावी, पण सुधारणेला जागा आहे. एकही तारा नसेल तर त्याचा अर्थ असा की, खरे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. विद्वानांनी आपल्याच पुस्तकात आपल्याच अज्ञानाचे माप छापावे, ही लहान गोष्ट नव्हे.

येथे माझ्या मनात आपल्याकडचीच एक शिस्त येते. धर्माची आणि सुतारकामाची बरोबरी मी करीत नाही. अल्लाह माफ करो. परंतु हदीस जमा करणाऱ्या बुजुर्गांनी जगाला जी शिस्त दिली ती विसरता येत नाही. केवळ वचन ऐकून ते थांबत नसत. हे तुम्हाला कोणी सांगितले, त्यांना कोणी सांगितले, ते दोघे खरोखर भेटले होते काय, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, चारित्र्य कसे होते, अशी पूर्ण साखळी ते तपासत. या साखळीलाच आपण इस्नाद म्हणतो. त्यानंतर सहीह, हसन, जईफ असा दर्जा ठरे. इल्म गोळा करणे हे एक काम, आणि गोळा केलेल्या इल्मची खात्री किती हे प्रामाणिकपणे सांगणे हे दुसरे काम, हा धडा आपल्या समाजाला नवा नाही. मदरशात शिकलेल्या मुलाला तो आमच्यासारख्यांपेक्षा चांगला ठाऊक असतो.

आता अलेक्झांडरच्या ग्रंथाचे पुढे काय झाले ते पाहा. संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी तो वाचला. घराच्या नमुन्यांप्रमाणे आपल्या कामाचेही नमुने लिहून ठेवता येतील असे त्यांना वाटले. त्यांपैकी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी गृहस्थांनी २५ मार्च १९९५ रोजी असे नमुने जमा करण्यासाठी संगणकाच्या जाळ्यावर एक जागा उघडली. तिचा नियम चमत्कारिक होता. तेथले कोणतेही पान कोणीही वाचावे आणि कोणीही दुरुस्त करावे. हवाई बेटांवरच्या विमानतळावर धावणाऱ्या एका बसचे नाव विकी विकी असे होते. तेथल्या भाषेत विकी म्हणजे झटपट. ते नाव त्यांनी आपल्या जागेला दिले. याच कल्पनेवर २००१ साली विकिपीडिया उभा राहिला, आणि २००३ पासून तो मराठीतही आहे. आज तुमच्यापैकी पुष्कळ मुले प्रकल्प लिहिताना तो उघडतात. त्याचे मूळ डिझाइनच्या नमुन्यांच्या एका खुल्या वहीत आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

खुले म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण येथे मोठा गैरसमज होतो. खुले म्हणजे बेवारस नव्हे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी असे जाहीर केले की, संगणकाचा एक कार्यक्रमसंच मी असा तयार करीन, जो कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल. १९८९ साली त्यासाठी कायदेशीर परवाना निघाला. त्यातील अट अशी की, ज्याने हे घेतले त्याने सुधारून पुढे दिले, तर त्यानेही ते याच अटींवर दिले पाहिजे. स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवता कामा नये. ओपन सोर्स हा शब्द १९९८ सालचा. लेख, चित्रे, रीती यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने २००२ साली निघाले. कोणी म्हणतो, माझे नाव द्या आणि वापरा. कोणी म्हणतो, नाव द्या आणि पुढेही खुलेच ठेवा. कोणी म्हणतो, धंद्यासाठी वापरू नका. देणाऱ्याच्या अटी कागदावर असतात आणि घेणाऱ्याने त्या पाळायच्या असतात.

वक्फ म्हणजे काय हे जाणणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. विहीर वक्फ केली की ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. पाणी मात्र सर्वांनी प्यावे. वाकिफची जी अट असेल ती पुढच्यांवर बंधनकारक राहते. फरक इतकाच की, विहिरीचे पाणी उपसून कमी होते आणि रीत वापरल्याने वाढते. कारण वापरणारा तिच्यात आपला अनुभव घालतो. सदका-ए-जारिया म्हणून पाणपोई, मुसाफिरखाना, शाळा यांचा आपण विचार करतो. उपयोगी पडणारे इल्म मागे ठेवणे हेही त्याच रांगेतले काम आहे, हे आपल्या मौलानांकडून आपण कितीदा ऐकले आहे.

अशा खुल्या संग्रहाचे एक अलीकडचे उदाहरण देतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारात २०१४ साली एटीन एफ नावाचे एक पथक स्थापन झाले. सरकारी कामे नागरिकांना सोपी वाटावीत म्हणून त्यांची आखणी करणे हे त्याचे काम. आपण वापरीत असलेल्या रीतींची त्या पथकाने छोट्या कार्डांसारखी मांडणी केली. प्रत्येक रीतीखाली ती काय आहे, का वापरावी, किती वेळ लागतो आणि कशी करावी, एवढेच थोडक्यात. उदाहरणार्थ, माणूस जेथे काम करतो तेथेच जाऊन ते काम पाहावे. किंवा विषयांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून लोकांना त्यांचे गठ्ठे लावायला सांगावे आणि लोक काय कशाजवळ ठेवतात ते पाहावे. संग्रहात चूक दिसली किंवा भर घालायची असली तर बाहेरच्या माणसालाही सुचवता येई. मार्च २०२५ मध्ये सरकारने ते पथकच बंद केले. माणसे घरी गेली. पण तो मजकूर सार्वजनिक मालकीचा होता. कोणालाही त्याची नक्कल करून ठेवण्याची, बदलण्याची मुभा होती. कचेरी बंद करता येते, पण लोकांच्या हाती गेलेली रीत परत मागता येत नाही.

आणि फार मागे जायचे तर दजला नदीकाठच्या दियारबकर शहरात जाऊ. तेथे अल जझरी नावाचा कारागीर दरबारात यंत्रे करीत असे. पाण्यावर चालणारी घड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे, हत्तीच्या आकाराचे घड्याळ, अशा ५० यंत्रांचे पुस्तक त्याने १२०६ साली पुरे केले. त्याची थोरवी केवळ यंत्रांत नाही. त्याने भागांची मापे दिली, चित्रे काढली, चित्रांतील भागांना अक्षरे दिली आणि कोणता भाग कशानंतर जोडायचा ते लिहिले. १९७४ साली डोनाल्ड हिल यांनी त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि १९७६ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याच्या मोठ्या जलघड्याळाची प्रतिकृती उभी राहिली. पुस्तक लिहून झाल्यावर ७७० वर्षांनी! त्या कारागिराने आपला हिशेब पोटात ठेवला असता तर काय झाले असते? जे आमच्या ओटीवरच्या दरवाजाचे झाले तेच.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण भर घालणे म्हणजे नेमके काय हे तिच्यावरून कळेल. मी पुढे डिझाइनच्या धंद्यात पडलो. काही वर्षांपूर्वी अब्बांची डब्याची रीत मी सुबक शब्दांत लिहिली आणि एका खुल्या संग्रहाकडे पाठवली. मनात होते की, वाहवा होईल, अब्बांचे नाव होईल. आठवड्याने उत्तर आले. त्यात तीनच प्रश्न होते. ही रीत किती घरांत करून पाहिली? कोठे चुकली? आणि ज्यांच्या घरी पाहिली त्यांची परवानगी घेतली काय?

मला राग आला. माझ्या बापाच्या चाळीस वर्षांच्या कामावर हे कोण प्रश्न विचारणार! त्याच तणतणीत घरी गेलो आणि अम्माला सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "अरे, चुकली ना. आपल्याच घरात चुकली."

मी पाहातच राहिलो. ती म्हणाली, "तुझ्या अब्बांनी फळी बसवली तेव्हा मी विशीची होते. डबा मी उचलला, रेघ माझी पडली. तुझ्या दादीचा हात तिथं कधीच पोचला नाही. जन्मभर ती मला हाक मारायची, नाहीतर पाट घेऊन चढायची. एकदा पडलीसुद्धा. आणि आता माझा खांदा धरलाय. माझा हातसुद्धा पोचत नाही. मी पण पाटावर चढते. हे तुझ्या अब्बांना सांगायचं कोणी?"

मित्रहो, ज्या स्वयंपाकघरात मी वाढलो तेथली ही गोष्ट मला त्या तीन प्रश्नांशिवाय कधी कळली नसती. मग मी ओळखीच्या पाच घरांत, त्यांना विचारून, ही रीत करून पाहिली. दोन घरांत ती फसली. एका घरात सासू आणि सून यांच्या उंचीत बराच फरक होता. दुसऱ्या घरात सकाळचा चहा आणि न्याहारी म्हातारे आजोबा करीत, आणि त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. म्हणून रीत बदलली. आता ती अशी आहे: घरात जो जो चुलीपाशी उभा राहतो त्या प्रत्येकाला बोलवावे. प्रत्येकाने भरलेला डबा उचलावा. प्रत्येकाची रेघ वेगळी मारावी. रोजच्या डब्यांची फळी सर्वांत खालच्या रेघेवर बसवावी. कोणाचा खांदा, कोणाची कंबर दुखते ते विचारावे. आणि फळी अशा आधारावर बसवावी की, पुढे वय वाढले तर ती खाली घेता येईल. शेवटी मी लिहिले की, ही रीत पाच घरांत पाहिली आहे, दोन घरांत जुनी रीत फसली म्हणून हा बदल केला आहे, आणि उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या घरांबाहेर ती पाहिलेली नाही.

ती नोंद स्वीकारली गेली. काही महिन्यांनी एका अनोळखी माणसाने तिच्याखाली एक ओळ वाढवली: चाकांच्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्याने बसूनच डबा उचलावा. बस, एवढेच. अब्बांचे नाव त्या नोंदीच्या साखळीत आहे, माझे आहे, आणि त्या अनोळखी माणसाचेही आहे. कोणी केव्हा काय बदलले हे तेथे पुसले जात नाही. अब्बांची बेअदबी झाली असे मला आता वाटत नाही. त्यांची रीत पहिल्याने दादीपर्यंत पोचली, असे वाटते. त्याच आठवड्यात मी अम्माची फळी सहा बोटे खाली घेतली.

आता पालकांच्या मनात जे प्रश्न आले असतील त्यांच्याकडे वळतो. पहिला प्रश्न असा की, आमच्या मुलांनी फुकट काम का करावे? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरी महिनाअखेरीची चिंता आहे त्यांना परोपकाराचे पाठ देणे सोपे असते. म्हणून स्पष्ट सांगतो. यातून पगार मिळत नाही आणि नोकरीची हमीही नाही. मिळते ते असे: मुलगा किंवा मुलगी चार ओळी नेमक्या लिहायला शिकते, अनोळखी माणसाची टीका रागावर न जाता ऐकायला शिकते, आणि तिचे काम चारचौघांना पाहता येईल अशा जागी तिच्या नावाने राहते. मोठ्या शहरात ओळखपाळख नसलेल्या आपल्या मुलांना ही शेवटची गोष्ट कमी मोलाची नाही. अभ्यास सोडून मात्र हे करू नये. आठवड्यातले दोन तास पुष्कळ झाले.

दुसरा प्रश्न कारागिरांचा. सगळेच सांगून टाकले तर आमच्या पोटाचे काय? याचे उत्तर मी अब्बांच्या बाजूने देतो. ज्या हुनरावर एखाद्या घराची चूल पेटते, ते त्या घराच्या परवानगीशिवाय लिहिण्याचा हक्क कोणाला नाही. मग लिहिणारा मुलगा का असेना. मिरजेचे सतारमेकर घ्या, नाहीतर आपल्या गावचा शिंपी घ्या, काय सांगायचे आणि काय घरात ठेवायचे हे त्यांनीच ठरवावे. नाव द्यायचे की नाही हेही त्यांनाच विचारावे. परंतु ज्या हुनराला पुढे चालवणारा घरात कोणी उरलेला नाही, ते कबरीत जाऊ देण्यात कोणाचे पोट भरते, हाही विचार त्यांनी करावा.

तिसरा प्रश्न मुलांचा आहे आणि तो मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचतो. आजकाल यंत्राला विचारले की ते क्षणात दहा रीती लिहून देते, मग आम्ही कशाला लिहू? मुलांनो, यंत्र जे सांगते ते लोकांनी आधी लिहिलेल्यावरून शिकलेले असते. तुमच्या दादीचा हात फळीला पोचत नाही हे कोणी लिहिलेच नसेल, तर ते यंत्राला कोठून कळणार? जे अजून लिहिले गेले नाही ते तुमच्या घरात आहे.

सुरुवात लहान करावी. पहिल्या दिवशी नवी रीत शोधायला जाऊ नये. एखाद्या संग्रहातील नोंद वाचावी. शब्द चुकला असेल तर दुरुस्ती सुचवावी. वाक्य कळत नसेल तर कळत नाही असे लिहावे, तीही मदतच आहे. पुढची पायरी भाषांतराची. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा जाणणारी मुले या शाळेत आहेत, ही तुमची दौलत आहे. त्यापुढची पायरी ती रीत आपल्या गावात करून पाहण्याची. जमली तर जमली असे लिहावे. फसली तर कशी फसली ते अधिक काळजीने लिहावे. आणि सर्वांत शेवटी स्वतःची रीत. दुसऱ्याचे लिहिलेले आपले म्हणून देऊ नये. साखळीत एक कडी खोटी निघाली की सारी साखळी जईफ ठरते.

संस्थेच्या चालकांना माझी एक नम्र सूचना आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत एका काम करणाऱ्या माणसाला भेटावे. सुतार असो, खलाशी असो, शिवणकाम करणारी खाला असो, नाहीतर लग्नाच्या पन्नास ताटांचा अंदाज डोळ्याने घेणारी नानी असो. त्यांची एक रीत, त्यांच्या परवानगीने, पाच मथळ्यांखाली लिहावी: काय, का, कशी, कोठे पाहिली आणि कोठे फसली. शिक्षकांनी ती तपासावी, प्रश्न विचारावेत. वर्षाअखेरीस ज्या नोंदी टिकतील त्या, लोकांची संमती असेल तर, जगाच्या खुल्या संग्रहांत पाठवाव्यात. पुढच्या वर्षी या टेबलावर एक बक्षीस त्यासाठी ठेवावे, आणि ते सर्वांत सुबक नोंदीला न देता सर्वांत प्रामाणिकपणे आपली चूक लिहिणाऱ्या नोंदीला द्यावे. त्या बक्षिसाचा खर्च मी देईन.

माझे बोलणे संपवतो. अब्बांच्या दरवाजाचा हिशेब मला आता कधी मिळणार नाही. पण येथे बसलेल्या कोणाचे तरी अब्बा, कोणाचे तरी मामू, कोणाची तरी दादी आज घरी आहेत, बोलत आहेत. आज संध्याकाळी बक्षीस दाखवायला त्यांच्याकडे जाल तेव्हा वही आणि पेन्सिलही घेऊन जा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या इल्ममध्ये बरकत देवो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.